एनएफ-१ आणि डोळ्यामागचं हाड: आत्ता ऑपरेशन की थांबून बघायचं?

रिपोर्टमध्ये 'स्फेनॉइड विंग डिस्प्लेजिया' वाचलं तेव्हा आम्हाला घामच फुटला होता. लेक दीड वर्षाची, अंगावर कॉफीच्या रंगाचे डाग होतेच, आणि दूध पिताना डावा डोळा नाडीसारखा उडायचा. आत्या म्हणाली दृष्ट लागली असेल. खरं कारण असं की न्यूरोफायब्रोमॅटोसिस टाइप १ (एनएफ-१, अंगावर डाग आणि नसांवर गाठी आणणारा जनुकीय आजार) मध्ये काही मुलांच्या डोळ्याच्या खोबणीची मागची भिंत, म्हणजेच रिपोर्टमधलं ते स्फेनॉइड हाड, नीट बनतच नाही किंवा हळूहळू झिजते, मग मेंदूचा कानशिलाकडचा भाग तिथून पुढे सरकतो आणि प्रत्येक ठोक्याला डोळा ढकलतो. काही मुलांत उलट डोळा आत गेलेला दिसतो.

आता मुद्द्याचं. हाडाचं ऑपरेशन मुख्यतः डोळ्याची जागा आणि ते उडणं सुधारायला असतं, गेलेली नजर त्याने सहसा परत येत नाही, आणि हे आम्हाला तिसऱ्या डॉक्टरांकडे गेल्यावर कळलं! नजर जाते ती बहुतेक वेळा दुसऱ्याच कारणांनी: पापणी लोंबून किंवा दोन डोळ्यांच्या नंबरात फरक पडून डोळा आळशी होतो, त्याच बाजूला काचबिंदू होतो, किंवा डोळ्याच्या नसेवर ग्लायोमाची गाठ येते, जी एनएफ-१ च्या १०० पैकी साधारण १५ ते २० मुलांमध्ये सापडते, बहुतेक सहा-सात वर्षांच्या आत. लोक 'किती टपोरा डोळा' म्हणून कौतुक करतात ना, तो कधीकधी प्रेशर वाढून मोठा झालेला असतो, तेव्हा प्रेशर मोजून घ्याच.

थांबायचं ठरवलं तर नुसतं घरी बसून चालत नाही. लहानपणी वर्षातून एकदा तरी डोळ्यांची पूर्ण तपासणी, आणि आधीच काही सापडलेलं असेल तर डॉक्टर सांगतील तितक्या लवकर. फायदा असा की खोबण पाच-सात वर्षांपर्यंत बरीच वाढून जाते, त्यामुळे नंतर ऑपरेशनमध्ये हाडातल्या भोकावर बसवलेली जाळी लहान पडायची भीती कमी. तोटा म्हणजे भोक आणि फुगवटा मध्येच वाढू शकतो, आणि शाळेत मुलं काय बोलतात ते वेगळंच.

ऑपरेशनकडे कधी वळायचं? डोळा इतका बाहेर आला की पापणी मिटत नाही आणि बुबुळ कोरडं पडतंय, किंवा स्कॅनमागून स्कॅन फुगवटा वाढतोय. त्यात न्यूरोसर्जन आणि ओक्युलोप्लास्टीवाले (पापणी-खोबणीचे सर्जन) दोघं एकत्र लागतात, एकटा कोणी 'मी करतो' म्हणाला तर मी तरी दुसरं मत घेईन. बरगडीचं किंवा कवटीचंच हाड लावतात ते आपलंच असतं पण पुढे विरघळून जायची शक्यता बरीच, टायटॅनियमची जाळी टिकते आणि एमआरआयलाही चालते, फक्त तिच्या आसपासचं चित्र थोडं बिघडतं. कधी दोन्ही एकत्र वापरतात. मेंदूतलं पाणी गळणं, एकाचे दोन दिसणं, नसेला धक्का लागणं हे धोके आधीच विचारून घ्या.

सोबत पापणीत, कानशिलात प्लेक्सिफॉर्म गाठ (नसांच्या बाजूने जाळ्यासारखी पसरणारी) असेल (बऱ्याचदा असते) तर गणित बदलतं, कारण ती कापताना रक्त खूप जातं आणि लहान वयात परत वाढते. जी नीट काढता येत नाही आणि त्रास देते अशा गाठीसाठी सेल्युमेटिनिब या औषधाच्या कॅप्सूलला अमेरिकेत २०२० मध्ये २ वर्षांपुढच्या मुलांसाठी मान्यता मिळाली. गाठ बऱ्याच मुलांत आटते, हाड मात्र भरून येत नाही. पुरळ, जुलाब होतात, हृदय आणि डोळे तपासत राहावे लागतात.

स्कॅनचं म्हणाल तर हाड सीटीत स्वच्छ दिसतं पण त्यात रेडिएशन, आणि या मुलांना गाठींची प्रवृत्ती आधीच असते, म्हणून सीटी ऑपरेशन ठरल्यावरच आणि एरवी एमआरआय, लहानग्यांना झोपवून करावा लागला तरी.

आम्ही थांबलोय. चष्मा लागलाय आणि उजव्या, म्हणजे चांगल्या डोळ्याला रोज दोन तास पट्टी, पहिल्या आठवड्यात रडून गोंधळ घातला, आता कार्टून लावलं की पट्टी आहे हेच विसरते.