कुवेतच्या तळावर: आत राहावं की महबुल्यात?

कोपरखैरण्याचा भाचा अमेरिकी तळावर मेसच्या कामाला निघालाय. मी तळाच्या आतही राहिलोय आणि बाहेर महबुला या वस्तीतही, म्हणून कुठं राहावं ते त्याने विचारलं.

आत, कॅम्प अरिफजानला, प्रवास वाचतो आणि जेवण तिथंच. उन्हाळ्यात पारा ५० अंशांजवळ गेला की हे फार मोलाचं वाटतं. पण बाहेर पडायला परवानगी, फोटोला मनाई.

महबुल्यात एका खोलीत सहा जण, पहाटेची बस, गेटवर रोज झडती. तरी सुट्टीच्या शुक्रवारी आम्ही पिठलं करायचो, भाकऱ्या थापायचो, तास न् तास मराठीत बोलायचो. कुवेत अडीच तास मागे. आठला खोलीवर पोचलो की इकडे साडेदहा. आई फोनसाठी जागी असायची.

बाळा, तू महबुल्यातच राहा. पैसे थोडे कमी उरतील, उरू देत.