बँकेचा इतिहास खरा होता, खातं चोरांचं होतं

38,500 पौंड गेले. सप्टेंबर 2024 च्या भावाने बेचाळीस लाख रुपयांच्या वर. घराच्या डिपॉझिटचे पैसे होते, कुठे लॉटरीत लागले नव्हते. बायको म्हणते कशाला चारचौघांत लिहितोस, पण इथे यूकेमधल्या आपल्याच लोकांपैकी दोघांना मला आलेला खोट्या एफडीचा डिट्टो तोच पीडीएफ आलाय हे कळल्यावर गप्प बसवेना.

स्कीम काही नवीन नाही. खऱ्या बँकेच्या नावाने खोटी एफडी विकायची, इथे त्याला फिक्स्ड रेट बाँड म्हणतात. पण ज्या सफाईने केलं ना, ते सांगायलाच पाहिजे. आणि आधीच स्पष्ट लिहितो, नाव वापरलं सँटँडरचं, पण त्या बँकेचा यात काडीचा संबंध नाही, त्यांचं फक्त नाव चोरलं गेलं.

1 ऑगस्ट 2024 ला बँक ऑफ इंग्लंडने रेट 5.25 वरून 5 टक्क्यांवर आणला. इथे राहणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यात तेव्हा एकच, रेट अजून पडायच्या आत पैसे लॉक करा. मीही तेच केलं, गुगलवर बेस्ट रेट शोधले, वरच आलेल्या एका तुलना करणाऱ्या साइटवर फॉर्म भरला. (वरच आलेली म्हणजे जाहिरात. अशा साइटवर फोन नंबर टाकूच नका, बँकेच्या साइटचा पत्ता स्वतः टाइप करून जा.) दुसऱ्या दिवशी 020 वरून, म्हणजे लंडनच्या नंबरवरून, फोन. शांत, अदबशीर आवाज, अजिबात घाई नाही, स्वतःला सीनियर बाँड मॅनेजर म्हणवत होता. दोन वर्षांचा बाँड, 5.85 टक्के. 8-10 टक्के बोलला असता तर मी तिथेच फोन आपटला असता हो! बाजारात 5 च्या आसपास मिळत होतं, त्याने जेमतेम पाऊण टक्का जास्त सांगितला. इथेच त्यांची हुशारी.

आणि मग त्याने बँकेची कुंडली मांडली. 1857 साली स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावरच्या सँटँडर बंदरात सुरू झालेली बँक, राणी इसाबेल दुसरी हिच्या सहीने परवानगी मिळालेली, अमेरिका खंडाशी चालणाऱ्या व्यापाराला पैसा पुरवायला. पिढ्यानपिढ्या बोतीन घराण्याच्या हातात, 2014 मध्ये एमिलियो बोतीन गेले आणि मुलगी आना बोतीन चेअरमन झाली. 2004 मध्ये इथली अ‍ॅबी नॅशनल घेतली, 2008 च्या पडझडीत अलायन्स अँड लेस्टर आख्खी आणि ब्रॅडफर्ड अँड बिंगलीच्या ठेवी नि शाखा घेतल्या, मग या सगळ्यांवर एकच लाल पाटी लावली. 2017 मध्ये स्पेनमधली बुडायला आलेली बांको पोप्युलार तर एका युरोला घेतली, एका युरोला! मी फोन चालू असतानाच लॅपटॉपवर हे चेक करत होतो आणि सगळं बरोबर निघत होतं. वर त्याने माझ्या 123 अकाउंटचा विषय काढला. इथे जुने असलेल्यांना आठवत असेल, 2012 पासून 20,000 पौंडांपर्यंत 3 टक्के द्यायचे, आपल्यातल्या अर्ध्या लोकांनी उघडलं होतं, 2016 च्या नोव्हेंबरात दीडवर आणलं तेव्हा सगळे चडफडले. तो म्हणाला, सर, जुन्या कस्टमरचा तेव्हा विश्वास गेला, हा बाँड त्यांच्यासाठीच आहे. आता मला सांगा, इतकं कोणाला माहिती असतं? बँकेतल्याच माणसाला ना?

नाही. ज्याला विकिपीडिया वाचता येतो त्या कोणालाही.

कागदपत्रंही तशीच. पीडीएफवर लोगो, इथल्या बँकांवर देखरेख ठेवणाऱ्या एफसीएचा रजिस्ट्रेशन नंबर. तो नंबर मी एफसीएच्या रजिस्टरवर टाकून बघितला, बँक निघाली, कारण नंबर खऱ्या बँकेचाच होता. बघायचा असतो तो तिथला फोन नंबर! रजिस्टरवर जो फोन आहे त्यावर स्वतः फोन करायचा, पीडीएफवरच्या नाही. आणि एफएससीएसची, म्हणजे इथल्या ठेव विम्याची, 85,000 पौंडांपर्यंतची हमी (डिसेंबर 2025 पासून ती 1,20,000 झालीय) बघून हुरळून जाऊ नका, ती हमी बँक बुडाली तर आहे. चोराच्या खात्यात तुम्ही स्वतः पैसे टाकलेत तर तिचा उपयोग शून्य.

आता तो क्षण. अजून रात्री डोळ्यासमोर येतो. 19 सप्टेंबर, पहिले 20,000 पाठवायचे. अ‍ॅपमध्ये नावाच्या जागी मी सँटँडर टाइप केलं, खाली सॉर्ट कोड (बँक आणि शाखा ओळखायचा आकडा, आपल्या आयएफएससीसारखा), अकाउंट नंबर. स्क्रीनवर आलं, नाव खात्याशी जुळत नाही. मी थांबलो, खरंच थांबलो, त्याला फोन लावला. तो म्हणाला बरोबर आहे सर, बाँडचे पैसे कायद्याने वेगळ्या क्लायंट अकाउंटमध्ये ठेवावे लागतात, नाव हे टाका, आणि एका लिमिटेड कंपनीचं नाव मेल केलं. टाकलं. हिरवी टिकमार्क. बस, त्या हिरव्या टिकमार्कने घात केला. ती फक्त एवढंच सांगते की तुम्ही टाकलेलं नाव त्या खात्याचंच आहे. ते खातं चोराचं नाही असं ती कधीच सांगत नाही. सँटँडरचे सॉर्ट कोड साधारण 09 ने सुरू होतात, माझ्या जुन्या कार्डावरही 09 च होतं, कार्ड खिशातल्या पाकिटात होतं, आणि समोरच्या स्क्रीनवर भलताच आकडा! आणि ती कंपनी? नंतर कंपनीज हाउसवर (इथलं सरकारी कंपनी रजिस्टर) बघितली, काही महिन्यांपूर्वीच काढलेली. 2024 च्या मेपासून ऑनलाइन कंपनी काढायला 50 पौंड लागायचे, त्याआधी 12. 50 पौंडांत हिरवी टिकमार्क विकत मिळत होती या देशात.

पैसे पाठवताना फसवणुकीची वॉर्निंग आली होती की, असं माझी बँक म्हणते. हो आली. हीच वॉर्निंग मंडळाच्या दिवाळीच्या तिकिटांचे 60 पौंड पाठवतानाही येते, घरमालकाला भाडं पाठवताना येते, प्लंबरला पाठवताना येते. रोज कोकलणाऱ्या अलार्मकडे कोण बघतं? 23 तारखेला उरलेले 18,500 पाठवले, त्याच नव्या खात्यात, चार दिवसांत दुसरी एवढी मोठी रक्कम, ज्या खात्यातून एरवी टेस्कोचं आणि ट्रेनचं बिल जातं. तेव्हा एक फोन करता आला नाही त्यांना?

त्या चोरांच्या पोर्टलवर व्याज रोज वाढताना दिसत होतं. ऑक्टोबरात लॉगिन बंद. खऱ्या सँटँडरला फोन केला, त्या मुलीने दोन मिनिटांत सांगितलं असा बाँडच नाही, आधी तुमच्या बँकेला कळवा. (तुमच्या बँकेचा नंबर शोधत बसू नका, 159 फिरवा, बहुतेक सगळ्या मोठ्या बँकांना जोडून देतात.)

आणि इथून खरा तमाशा. माझी बँक, नाव घेत नाही, म्हणाली आम्ही सावध केलं होतं, तुम्ही दुर्लक्ष केलं, क्लेम नामंजूर. पैसे ज्या बँकेत गेले ती म्हणाली तुम्ही आमचे कस्टमर नाही, डेटा प्रोटेक्शन, काही सांगता येणार नाही. चोराच्या डेटाला प्रोटेक्शन, माझ्या पैशाला नाही! त्या खात्यात शिल्लक सापडले 412 पौंड 37 पेन्स, ते परत मिळाले, धन्यवाद. पोलिसांत ऑनलाइन फॉर्म भरला, नंबर मिळाला, कित्येक महिन्यांनी पत्र आलं की तपास करण्यासारखा धागा दिसत नाही. अरे, सॉर्ट कोड आहे, अकाउंट नंबर आहे, कंपनी आहे, डायरेक्टरचं नाव आहे, फोन नंबर आहे, अजून कसला धागा हवाय, पैठणी विणायची आहे का? चौकीत गेलो तर म्हणे हे आमच्याकडे येत नाही, फॉर्म भरा. भरलाय हो फॉर्म. मग वाट बघा.

आणि सगळ्यात जळतं ते हे. 7 ऑक्टोबर 2024 पासून इथे नियम आला की अशा फसवणुकीत बँकेने 85,000 पर्यंत पैसे परत द्यायचे, साधारण पाच कामाच्या दिवसांत, फार तर 100 पौंड कापून, आणि पैसे पाठवणाऱ्या व घेणाऱ्या बँकेने अर्धे अर्धे सोसायचे. अगदीच घोर निष्काळजीपणा सिद्ध केला तरच नाही म्हणता येतं. माझी पेमेंट 19 आणि 23 सप्टेंबरची. त्या आधीच्या पेमेंटना 2019 चा ऐच्छिक कोड (बँकांनी आपणहून पाळायचे नियम), ज्यात वॉर्निंग दाखवली की बँकेला हात वर करता येतात. तीन आठवडे उशिरा फसलो असतो तर! तुमचं पेमेंट त्या तारखेनंतरचं असेल तर बँकेच्या पहिल्या नकाराला अजिबात मान तुकवू नका. फक्त एवढं बघा, नियम यूकेतल्या यूकेत पाठवलेल्या पैशाला आहे, परदेशी खात्यात गेले की संपलं.

मग ऑम्बुड्समनकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्याकडे, गेलो. फुकट असतं, पण बँकेचं शेवटचं पत्र आल्यापासून सहा महिन्यांच्या आत जावं लागतं, ती तारीख लिहून ठेवा. बऱ्याच काळाने निकाल आला, दुसऱ्या पेमेंटला बँकेने थांबवायला हवं होतं, पण जबाबदारी दोघांची, म्हणून 18,500 चे अर्धे, 9,250. म्हणजे एकूण गेले ते 28,837 पौंड 63 पेन्स.

पासपोर्टची कॉपी आणि लाइट बिल पण त्यांच्याकडे आहे, केवायसीच्या नावाखाली दिलं होतं. तुम्हीही दिलं असेल तर सिफासवर (इथली फसवणूक रोखणारी संस्था) नाव नोंदवून ठेवा, नाहीतर उद्या तुमच्या नावाने कर्ज निघेल. आणि आता नवीनच चालू झालंय, फोन येतात, सर तुमचे गेलेले पैसे आम्ही शोधून काढलेत, सोडवायला 950 पौंड फी. रक्कम त्याला पेन्ससकट माहीत होती. म्हणजे माझी यादी त्याच लोकांनी पुढे विकलीय. मागच्या वेळचा तर हिंदीत बोलत होता, भाईसाब म्हणत होता. मी विचारलं सॉर्ट कोड काय, तर फोन कट.