सेल्फ-ड्रायव्हिंगची धास्ती वाटते? मग वेमो की स्वतःच्या गाडीतलं फीचर

सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियातल्या आपल्या बऱ्याच लोकांना सध्या हा प्रश्न पडलाय, की स्वतःच्या गाडीत ते सेल्फ-ड्रायव्हिंगचं फीचर घ्यावं का शहरात फिरायला सरळ वेमो, म्हणजे ड्रायव्हरशिवाय चालणारी टॅक्सी, बोलवावी. मी दोन्ही वापरतो म्हणून लिहितोय. लिडार (लेझरने अंतर मोजणारे सेन्सर) किती, कॅमेरे किती हे सगळं नेटवर आहे, ते इथे उगाळत नाही. सुरक्षिततेचंच बोलू, घरात आई-बाबा किंवा लहान मूल असलं की बाकी सगळं मागे पडतं.

एक फरक बोलण्याच्या ओघात हमखास राहून जातो. वेमोत तुम्ही नुसते पॅसेंजर, मागे बसायचं, चालवायची जबाबदारी कंपनीची. गाडीतलं फीचर मात्र कुठल्याही ब्रँडचं घ्या (माझ्या गाडीचं नाव मुद्दाम घेत नाही), स्टीअरिंग ते फिरवतं पण कागदोपत्री ड्रायव्हर तुम्हीच.

माझं घोडं इथेच अडलं. १०१ हायवेवर संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये गाडी छान चालते, अंतर ठेवते, लेन बदलते, दमलेलो असलो की बरंही वाटतं. पण डॅशबोर्डजवळचा छोटा कॅमेरा तुमच्या डोळ्यांवर नजर ठेवून असतो, आरशातून मागे मुलीकडे जरा जास्त वेळ बघितलं की टूं टूं सुरू. ते वाजलंच पाहिजे, त्याबद्दल तक्रार नाही. वैताग ह्याचा येतो की हाताला काम काही नाही आणि बघत मात्र सतत राहायचं, त्यात पुढच्या सेकंदाला ही काय करेल त्याचा नेम नाही. शिकाऊ ड्रायव्हरच्या शेजारी बसल्यासारखं होतं, तो नीट चालवत असला तरी आपला पाय उगाच ब्रेक शोधत राहतो. एकदा पुलाच्या सावलीत शिरताना, समोर काहीही नसताना, गाडीने करकचून ब्रेक मारला, मागचा ट्रकवाला वेळेत थांबला म्हणून निभावलं. तेव्हापासून पूल आला की माझे खांदे आपोआप ताठ होतात. स्वतः चालवताना मी ह्यापेक्षा कमी दमतो.

आणि हे नुसतं माझं मत नाहीये. मार्च २०१८ मध्ये ॲरिझोनातल्या टेंपीत, उबरच्या टेस्टिंगच्या सेल्फ-ड्रायव्हिंग गाडीने रात्री सायकल ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईंना उडवलं, त्या गेल्या. सिस्टिमला त्या धडकेच्या ५.६ सेकंद आधी दिसल्या होत्या, पण समोर नक्की काय आहे हेच तिला ठरवता येईना, आणि लक्ष ठेवायला बसवलेली ऑपरेटर फोनमध्ये बघत होती. खटला कंपनीवर नाही, त्या ऑपरेटरवर झाला, २०२३ मध्ये तिने गुन्हा कबूल केला आणि तीन वर्षांचं प्रोबेशन (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली राहणं) झालं. तिचं चुकलंच. पण ज्या माणसाचं कामच लक्ष ठेवायचं त्याचं लक्ष उडतं, तर दिवसभर मीटिंगा करून आलेल्या आपल्यासारख्यांचं किती टिकणार?

आता वेमोबद्दल लोक घाबरतात तेही उगाच नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत दुसऱ्या एका गाडीने उडवलेली बाई क्रूझ ह्या दुसऱ्या कंपनीच्या रोबोटॅक्सीसमोर (बिनड्रायव्हरची टॅक्सी) येऊन पडली, रोबोटॅक्सी तिला धडकून थांबली आणि मग कडेला घ्यायच्या नादात तिला २० एक फूट फरफटत नेलं, कारण खाली माणूस अडकलाय हे गाडीला कळलंच नाही. डीएमव्हीने (राज्याचं वाहन खातं) त्याच महिन्यात क्रूझचा परवाना स्थगित केला. कंपनी वेगळी, पण धसका सगळ्यांनीच घेतला. वेमोचं म्हणाल तर डिसेंबर २०२५ मध्ये शहरात लाईट गेली, सिग्नल बंद पडले आणि वेमो चौकाचौकात अडकून उभ्या राहिल्या. भूकंपाच्या शहरात त्यांच्यामागे अग्निशमनची गाडी अडकली तर काय, हा प्रश्न मला खरंच सतावतो. तरीही माझ्यापुरतं बोलायचं तर गाडी गोंधळली आणि थांबली हे मला चालतं, गोंधळली आणि ऐनवेळी "आता तू बघ" म्हणाली हे नाही चालत.

स्विस रे ह्या रीइन्शुरन्स (विमा कंपन्यांचा विमा उतरवणाऱ्या) कंपनीबरोबर वेमोने २०२४ मध्ये एक अभ्यास केला, त्यात माणसांनी चालवलेल्या गाड्यांच्या तुलनेत इजेचे विमा दावे ९२ टक्क्यांनी कमी निघाले. वेमो स्वतः त्यात आहे म्हणून मी तो आकडा जरा राखूनच घेतो. मला पटलं ते आईला घेऊन व्हॅलेन्सिया स्ट्रीटवरून जाताना. डबल पार्क केलेल्या ट्रकच्या आडून एक माणूस रस्त्यात येत होता, तो आधी मागच्या सीटसमोरच्या स्क्रीनवर उमटला, गाडी हळू झाली आणि मग तो आम्हाला दिसला. आईने तोपर्यंत माझं मनगट धरून ठेवलं होतं, ते सोडलं आणि म्हणाली, "ह्याला दिसतं रे."

अर्थात प्रत्येकाचं गणित वेगळं. कॅलिफोर्नियात १८ वर्षांखालच्या मुलाला वेमोत एकटं पाठवता येत नाही, तेव्हा क्लासला सोडायचा प्रश्न त्याने सुटत नाही. फ्रीवेवर ती नोव्हेंबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने जायला लागलीये, पण लांब डोंगरातल्या टाहो तलावाला काही नेणार नाही. लांबचा, सरळ, ओळखीचा रस्ता रोजचा असेल आणि तुमची एकाग्रता चांगली असेल तर गाडीतलं फीचर कदाचित तुम्हाला मानवेल, नाही असं मी म्हणत नाही. फक्त एकरकमी पैसे भरू नका, महिन्याचं सबस्क्रिप्शन मिळत असेल तर ते घ्या, आणि टेस्ट ड्राइव्ह रविवारी सकाळी न करता ऑफिस सुटल्यावर, तिरपं ऊन डोळ्यावर येत असताना करा. शहरात आई-बाबांना फिरवायचं असेल तर मी वेमोच बोलावतो.