ऑफिसातला सर्व्हर की क्लाउड? छोट्या सीए ऑफिसांसाठी

पाच-पंधरा माणसांचं ऑफिस आणि सर्व्हर बदलायला आलेला, अशी स्थिती असेल तर नवा सर्व्हर घ्यायचा की सगळं क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून वापरायच्या दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर न्यायचं, हा प्रश्न तुमच्यापुढेही आला असेल. रॅम, स्टोरेज, किंमत हे कोटेशनमध्ये मिळेलच. पण पुण्याच्या टिळक रोड-सदाशिव पेठ भागातल्या आमच्या व्यवसायबंधूंचं घोडं पैशांपाशी क्वचितच अडतं. ते अडतं 'क्लायंटचा डेटा परक्याच्या ताब्यात कसा द्यायचा' या प्रश्नापाशी.

ही भीती मी हलकी मानत नाही. क्लायंटची माहिती त्याच्या संमतीशिवाय दुसऱ्याला देणं हे सीए कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टाप्रमाणे व्यावसायिक गैरवर्तन आहे. आमच्या ज्येष्ठ भागीदारांचा क्लाउडला विरोध होता तो याच जबाबदारीपोटी. सर्व्हर नजरेसमोर आहे, रात्री कुलूप आपण लावतो, किल्ली आपल्याकडे असते, असं ते म्हणत. शिवाय रस्ता खोदताना इंटरनेटची फायबर तुटली तरी हिशोबाचं टॅली सॉफ्टवेअर चालू राहतं आणि मोठी स्कॅन फाइल झटक्यात उघडते. हे सगळे मुद्दे आजही खरे आहेत.

माझं मन सर्व्हरवरून उडालं ते एकाच कटकटीमुळे, ती म्हणजे अपडेट. सुरक्षेचे अपडेट टाकायचे तर सगळ्यांना बाहेर काढून सर्व्हर रीस्टार्ट करावा लागतो. मग टॅलीचं लायसन्स पकडलं का, प्रिंटर दिसतोय का, शेअर केलेले फोल्डर उघडतायत का, हे एकेक तपासायचं. यासाठी आमच्या धंद्यात मोकळा दिवस कोणता? ७ तारखेला टीडीएस, ११ ला जीएसटीआर-१, १५ ला पीएफ, २० ला जीएसटीआर-३बी. जुलैत रिटर्न्स, सप्टेंबरात टॅक्स ऑडिट, ऑक्टोबरात ऑडिटवाल्यांची रिटर्न्स. हार्डवेअरवाला रविवारी यायला तयार असायचा, पण सीझनमध्ये रविवारी अर्धं ऑफिस कामाला बसलेलं. गुरुवार ठरवावा तर नेमकं महावितरणचं देखभालीचं काम निघायचं. 'एवढी ड्यू डेट होऊ दे' म्हणत अपडेट पुढे ढकलला जायचा आणि ती ड्यू डेट संपेपर्यंत दुसरी दारात उभी असायची.

ढकललेल्या अपडेटची किंमत काय असते, हे मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने जगाला दाखवलं. ज्या फटीतून तो शिरला, ती बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. दोन महिने हाताशी असूनही ज्यांनी तो टाकला नव्हता, ते सापडले. ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांची कामं त्यात ठप्प झाली. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये आपल्या पुण्यातल्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले, तेही यंत्रणेत घुसलेल्या मालवेअरमुळे. ही उदाहरणं वाचल्यावर दाराच्या कुलपावरचा माझा विश्वास बराच कमी झाला. बँकेकडे निदान आयटीची माणसं असतात. आपल्याकडे फोन केल्यावर येणारा एक इंजिनिअर असतो आणि तो आणखी कितीतरी ऑफिसं सांभाळत असतो.

क्लाउडवर मेल आणि फाइल्स नेल्या की या अपडेटची धास्ती आपल्या डोक्यावरून जाते. ते काम पुरवठादार करतो आणि त्यासाठी आपली ड्यू डेट आड येत नाही. माझ्यासाठी निर्णय इथेच झाला. 'डेटा परदेशात जाईल' ही शंका रास्त आहे, पण जागा निवडता येते. मायक्रोसॉफ्टचं 'सेंट्रल इंडिया' हे क्लाउडचं केंद्र २०१५ पासून पुण्यातच आहे आणि अ‍ॅमेझॉनचं मुंबईतलं २०१६ पासून. कंपन्यांच्या हिशोबांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोजच्या रोज हवा, असा नियम ऑगस्ट २०२२ पासून आहेच. तेव्हा करार करताना केंद्राचं नाव लेखी मागा.

क्लाउडवर सगळं निर्धास्त आहे, असं मात्र मी म्हणणार नाही. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या कॅपिटल वन बँकेच्या १० कोटींहून अधिक लोकांची माहिती क्लाउडवरूनच चोरीला गेली. तिथे फायरवॉलची मांडणी चुकीची होती. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ओव्हीएच या क्लाउड कंपनीचं डेटा सेंटर जळालं. ज्यांचा बॅकअपही तिथेच होता, त्यांचा डेटा कायमचा गेला. म्हणून दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी हवी आणि प्रत्येकाला स्वतंत्र लॉगिन, ओटीपीसह. आर्टिकल, म्हणजे आपल्याकडे शिकणारा सीएचा विद्यार्थी, सोडून गेला की त्याच दिवशी त्याचं लॉगिन बंद करायचं. ही शिस्त पुरवठादार आणून देत नाही.

आणखी एक, आणि हे कोटेशनमध्ये सहसा स्पष्ट लिहिलेलं नसतं. 'टॅली ऑन क्लाउड' म्हणून जे मिळतं, ते बरेचदा दूरवरचं भाड्याचं विंडोज मशीन असतं. त्याचे अपडेट कोण टाकणार? उत्तर 'तुम्ही' असेल, तर ऑफिसातली कटकटच भाडं भरून तिकडे नेल्यासारखं होईल. आम्ही पुरवठादाराकडून ही जबाबदारी कागदावर घेतली आणि मगच सही केली.

जड ड्रॉइंगवर काम करणारे आर्किटेक्ट किंवा भोसरीच्या कारखान्यातला मशीनला जोडलेला कॉम्प्युटर, यांना सर्व्हर जवळच असलेला बरा, असं मला वाटतं. सीए ऑफिसात मात्र अपडेटसाठी महिन्यातला एक दिवस राखून ठेवणारा माणूस असेल, तरच मी नव्या सर्व्हरचा विचार करेन. आमच्याकडे तसं कोणी नव्हतं आणि बहुतेक छोट्या ऑफिसांत नसतं.

जायचं ठरलंच, तर जुलै ते ऑक्टोबर सोडा. नोव्हेंबरच्या २० तारखेनंतर सुरुवात करा. आधी मेल, मग जुन्या वर्षांच्या फाइल्स, शेवटी टॅली. दोन वेगळ्या कंपन्यांची नेट जोडणी आधीच घेऊन ठेवा आणि पहिली तिमाही पार पडेपर्यंत जुना सर्व्हर विकू नका.