विकिस्रोतावरील मुद्रितशोधन : मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या निमित्ताने

जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली 1877 ते 1904 या काळात प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या इंग्रजी गॅझेटियरची, म्हणजे जिल्हावार माहिती देणाऱ्या सरकारी ग्रंथमालेची, स्कॅन केलेली प्रत उघडून तिच्यात ‘नासिक’ हे नाव ज्यांनी शोधून पाहिले असेल, त्यांना बहुधा निम्म्याहून अधिक जागा सापडल्याच नसतील. छापील पुस्तकात दीर्घ ‘आ’ दाखवण्यासाठी ‘ए’ या अक्षरावर तिरपी रेघ दिलेली आहे आणि अक्षरे ओळखणारे यंत्र, म्हणजे ओसीआर, त्या अक्षराला अनेकदा ‘डी’ समजते. त्यामुळे नासिक, ठाणे, खानदेश, मराठा, ब्राह्मण हे सगळे शब्द पानाच्या चित्रात ठसठशीत दिसत असूनही शोधणाऱ्याच्या दृष्टीने हरवलेले असतात. ही हरवलेली अक्षरे माणसाच्या नजरेने परत जागेवर आणण्याची जी सोय विकिस्रोतावर, म्हणजे जुनी पुस्तके मजकुराच्या रूपात उपलब्ध करून देणाऱ्या विकिपीडियाच्या सहप्रकल्पावर, आहे, तिच्याविषयी हा अभिप्राय आहे.

सोय दिसायला साधी आहे. एका बाजूला मूळ पानाचे चित्र, दुसऱ्या बाजूला यंत्राने वाचलेला कच्चा मजकूर. दोन्ही ताडून पाहत दुरुस्ती करायची आणि पान जतन करायचे. प्रत्येक पानाला त्याच्या अवस्थेनुसार रंग असतो. न तपासलेले पान लाल, एकदा तपासून दुरुस्त केलेले पिवळे, दुसऱ्या व्यक्तीने पडताळलेले हिरवे, आणि काही अडचण उरली असेल तर निळसर जांभळे. पिवळे पान हिरवे करण्याचा अधिकार ते पिवळे करणाऱ्याला नसतो. छापखान्यातील मुद्रितशोधनाचा जुना शहाणपणा या एका नियमात उतरला आहे, कारण स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही हे प्रूफ वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते.

गॅझेटियरच्या गद्य पानांवर ही पद्धत उत्तम चालते. पानाच्या बाहेरच्या समासात छापलेली प्रकरणाची व विषयाची नावे यंत्र सरळ वाक्याच्या मधोमध आणून टाकते, पण चित्र शेजारीच असल्याने ती उचलून बाजूला करायला क्षणही लागत नाही. मराठी जाणणाऱ्या मुद्रितशोधकाचा येथे विशेष उपयोग होतो. इंग्रजीतील ‘आर’ आणि ‘एन’ ही अक्षरे जवळ आली की यंत्राला त्यांचा ‘एम’ दिसतो आणि ‘कुलकर्णी’चा ‘कुलकमी’ होतो. वतने, हक्क आणि बलुते यांच्याशी परिचय नसलेल्या वाचकाला हा कुठलातरी देशी शब्द असेल असे वाटून तो पुढे जातो. आपली नजर मात्र तेथे आपोआप थांबते. याच परिचयाचा एक तोटाही आहे. गावाचे नाव आजच्या रूपात लिहिण्याचा किंवा एखाद्या जातीविषयी अधिकाऱ्याने केलेले उर्मट विधान सौम्य करण्याचा मोह होतो, आणि तो कटाक्षाने टाळावा लागतो. मूळ छपाईतील उघड चूकसुद्धा तशीच ठेवून तिच्यावर खूण करावी, असा येथील दंडक आहे व तो योग्य आहे, कारण आपण दस्तऐवज सुधारत नसून त्याची प्रत करत असतो.

खरी कसोटी लागते ती तक्त्यांपाशी. जमाबंदी, पीकपाणी, 1872 आणि 1881 च्या खानेसुमारीचे आकडे हे या खंडांचे सर्वांत मोलाचे धन आहे, आणि नेमके तेच यंत्र सर्वांत वाईट वाचते. 3 आणि 8 यांची अदलाबदल होते, स्वल्पविरामाचा पूर्णविराम होतो, स्तंभ एकमेकांत मिसळतात. तक्ता पुन्हा उभारण्यासाठी लागणारी विकीची खुणांची भाषा नवख्याला घाबरवणारी आहे, हे मान्यच करावे लागेल. शिवाय चुकलेला शब्द डोळ्याला खुपतो, चुकलेला आकडा खुपत नाही. म्हणून दोन माणसांनी वाचूनही तो निसटू शकतो. सुदैवाने कॅम्पबेल यांनी रकमा बहुतेक ठिकाणी दुहेरी दिल्या आहेत, आधी पौंडांत आणि मग कंसात रुपयांत, आणि हिशेब एका पौंडाला 10 रुपये असा सरळ आहे. पौंडांच्या आकड्याला दहाने गुणून रुपयांचा आकडा आला नाही, तर कोठेतरी अक्षर चुकले आहे हे लगेच कळते. शिलिंग आणि पेन्स असले तरी 1 आणा म्हणजे दीड पेनी हे ध्यानात ठेवल्यास ताळा जुळतो. लोकसंख्येच्या तक्त्यात ही सोय नाही. तेथे स्तंभाची बेरीज करून तळच्या एकूण आकड्याशी ताडावी लागते. मी अशा पानावर गद्य पानाच्या तिप्पट वेळ घालवतो आणि तरीही पूर्ण निश्चिंत नसतो.

काही दोष या सोयीचे नव्हेत, स्कॅनचे आहेत. मी ज्या प्रतीवर काम केले, तिच्यातील घडीचा नकाशा स्कॅन करणाऱ्याने उलगडण्याची तसदीच घेतली नव्हती, आणि एका पानावर मजकुराऐवजी अंगठा आला होता. अशा पानाला जांभळा रंग देऊन दुसरी प्रत शोधणे एवढेच हाती उरते. हस्तलिखित कागदांसाठी, विशेषतः मोडीतील दफ्तरासाठी, येथून फारशी अपेक्षा ठेवू नये; तेथे यंत्राचा भरवशाचा खर्डा सहसा मिळत नसल्याने बहुतेक मजकूर हातानेच उतरवावा लागतो.

नव्याने येणाऱ्याने स्थलवर्णनाच्या प्रकरणापासून सुरुवात करावी. तेथे तक्ते कमी असतात, आपल्या ओळखीची गावे भेटतात आणि एखादे पान अर्ध्या तासात तपासून होते. आकडे वापरणाऱ्या अभ्यासकाने मात्र पान हिरवे असले तरी ते शेजारच्या चित्रावरूनच उतरवून घ्यावेत.