एक संध्याकाळ, चार छुपी दारं: न्यूयॉर्कमध्ये कुठल्या बारमध्ये बसावं?

न्यूयॉर्कमध्ये एकच संध्याकाळ हाताशी असेल आणि ती जुन्या थाटाच्या छुप्या कॉकटेल बारमध्ये घालवायची असेल, तर चार नावांपाशी गाडी अडते. सेंट मार्क्स प्लेसवरचा 'प्लीज डोन्ट टेल' (सगळे त्याला पीडीटीच म्हणतात), एल्ड्रिज स्ट्रीटवरचा 'अ‍ॅटाबॉय', नॉरफोक स्ट्रीटवरचा 'द बॅक रूम' आणि पश्चिम १७व्या रस्त्यावरचा 'रेन्स लॉ रूम'. चारही ठिकाणी दार शोधावं लागतं, आत उजेड मंद असतो आणि ओढ जुन्या काळाची असते. पण दाराची गंमत दोन मिनिटांत संपते. पुढचे दोन तास कुणासोबत, किती आवाजात आणि काय पीत बसायचं आहे, हे आधी ठरवा. त्यावरून बार आपोआप ठरतो.

थोडी पार्श्वभूमी. अमेरिकेत दारूबंदी १७ जानेवारी १९२० रोजी लागू झाली आणि ५ डिसेंबर १९३३ रोजी उठली. मधल्या काळात चोरून चालणाऱ्या बारना 'स्पीकईझी' म्हणत. म्हणजे आवाज करू नका, हळू बोला. आपल्याकडे १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्याने परवान्यावर पिण्याची पद्धत आणली आणि 'परमिट रूम' ही पाटी आजही गावोगावी दिसते. कायद्याच्या पोटातून निघालेली बसायची खोली मराठी माणसाला नवीन नाही.

आत शिरायचं कसं

पीडीटीचं दार सर्वांत नाट्यमय. ११३, सेंट मार्क्स प्लेसला 'क्रिफ डॉग्स' हे हॉटडॉगचं दुकान आहे. चार पायऱ्या उतरून आत गेलात की डाव्या हाताला जुन्या पद्धतीचं टेलिफोन बूथ दिसतं. बूथमध्ये शिरून रिसीव्हर उचलायचा. आतला माणूस नाव विचारतो आणि बूथची मागची भिंत दारासारखी उघडते. बार २००७ पासून चालू आहे आणि जागा खूपच कमी. आरक्षण न करता शुक्रवारी-शनिवारी गेलात तर बूथमधूनच परत फिरायची तयारी ठेवा. आरक्षण केलं असेल तर वेळेवर पोहोचा, कारण पुढचे लोक तुमच्याच टेबलाची वाट बघत दुकानात उभे असतात.

अ‍ॅटाबॉयमध्ये आरक्षण नाही. १३४, एल्ड्रिज स्ट्रीटचं साधं दार ठोठावायचं, किती जण आहात ते सांगायचं, आणि जागा नसली तर फोन नंबर देऊन जवळपास थांबायचं. इथेच भारतातून आलेल्यांची फसगत होते. रोमिंग बंद असलेला भारतीय नंबर दिला तर बोलावणं पोहोचतच नाही. अमेरिकन नंबर असलेलं ई-सिम घ्या किंवा तिथल्या मित्राचा नंबर द्या. जागा लांबट आणि चिंचोळी आहे: पुढे बारचा ओटा, मागे मोजकी बाकं. दोघे-तिघे असाल तर उत्तम. पाच-सहा जणांनी इथे यायचा हट्ट धरला तर संध्याकाळ फुटपाथवर जाईल.

द बॅक रूमला १०२, नॉरफोक स्ट्रीटवर एका खेळण्यांच्या कंपनीची पाटी आहे. फाटकातून पायऱ्या उतरून बोळात जायचं, बोळ पार करून पुन्हा वर चढायचं. आत मोठं दालन, लाल मखमली बैठका, झुंबरं. चौघांपैकी गट सामावून घेणारी जागा हीच. रेन्स लॉ रूममध्ये ४८, पश्चिम १७व्या रस्त्याच्या तळघरवजा दारावरची घंटी वाजवायची. आत सोफे आणि पडदे ओढून घ्यायच्या कोनाड्यासारख्या बैठका. तिथे बारचा ओटाच नाही. बारटेंडर मागच्या स्वयंपाकघरासारख्या खोलीत काम करतात आणि तुमच्या डोक्यावरची साखळी ओढली की वाढपी येतो. शांत बोलायचं असेल तर याला तोड नाही, पण बारटेंडरचे हात बघायला आवडत असतील तर निराशा होईल.

या नावामागचा कायदा मात्र दारूबंदीच्या आधीचा. १८९६ साली सिनेटर जॉन रेन्स यांच्या कायद्याने न्यूयॉर्कमध्ये रविवारी दारू विकायला बंदी आली. सूट फक्त हॉटेलांना, आणि तीही जेवणासोबत. हॉटेल म्हणजे किमान १० खोल्या. मग काय, गुत्तेवाल्यांनी वरच्या मजल्यावर फळ्या ठोकून १० खोल्या पाडल्या आणि 'जेवण' म्हणून एकच वाळकं सँडविच या टेबलावरून त्या टेबलावर फिरवलं. कामगाराला सुट्टीचा वार तो एकच, त्यामुळे गिऱ्हाईक तुटलं नाही. त्या खोल्यांत पुढे वेश्याव्यवसाय वाढला आणि तो रोखायला १९०५ साली शहरात एक नागरी समितीच उभी राहिली. दारूबंदीच्या काळातल्या टोळीवाल्यांच्या कहाण्यांपेक्षा आम्हाला हा इतिहास जास्त मोलाचा वाटतो. कायदा कागदावर कसा असतो आणि गल्लीत त्याचं काय होतं, ते त्यात लख्ख दिसतं.

मागायचं काय

खरा फरक इथे आहे. पीडीटी आणि रेन्स लॉ रूममध्ये छापील यादी मिळते. अ‍ॅटाबॉयमध्ये यादीच नाही. बारटेंडर विचारतो, तुम्ही सांगता, तो बनवतो. ही पद्धत त्याच पत्त्यावर आधी असलेल्या 'मिल्क अँड हनी' या बारची. साशा पेट्रास्के यांनी १९९९च्या शेवटच्या रात्री तो उघडला आणि आजच्या छुप्या बारची लाट तिथूनच उठली. २०१२ मध्ये त्याच जागेत सॅम रॉस आणि मायकेल मॅकिलरॉय यांनी अ‍ॅटाबॉय सुरू केला.

यादी नसलेल्या बारमध्ये 'काहीतरी छान द्या' म्हणणं ही सर्वांत मोठी चूक. 'फार गोड नको' हेही पुरेसं नाही, कारण जवळजवळ प्रत्येक जण तेच म्हणतो. चार गोष्टी सांगा. दारू कोणती (जिन, रम, बर्बन, स्कॉच, टकीला). लिंबू घालून शेक केलेलं हवं की नुसतं ढवळलेलं, कडक. कडवटपणा चालतो का. आणि आधी आवडलेलं एखादं कॉकटेल. कोकम सरबतासारखी चव हवी असेल तर 'आंबट, किंचित खारट, गोडी अगदी कमी' असं सांगा. कोकम म्हटल्यावर समोरचा गोंधळेल.

काहीच सुचत नसेल तर अ‍ॅटाबॉयमध्ये 'पेनिसिलिन' नावाचं कॉकटेल मागा. सॅम रॉस यांनी ते २००५च्या सुमारास याच खोलीत बसवलं. प्रमाण असं: ६० मिली ब्लेंडेड स्कॉच, २२ मिली लिंबूरस, २२ मिली मध आणि आल्याचा पाक, हे सगळं बर्फासोबत शेक करून बर्फाच्या मोठ्या खड्यावर गाळायचं, आणि वर ७ मिली स्कॉटलंडमधल्या आयला बेटाची धुरकट स्कॉच अलगद सोडायची. ही धुरकट स्कॉच आत मिसळली की धूर हरवतो. वर तरंगत राहिली तरच पहिला घोट नाकापासून सुरू होतो. दुसरी चूक आल्याची. आल्याचा रस दोन दिवस राहिला की झणका जातो आणि उरतो नुसता मध. घरी करून बघणार असाल तर लक्षात ठेवा, तिथलं लिंबू म्हणजे मोठं पिवळं लेमन. आपलं कागदी लिंबू जास्त आंबट, म्हणून १८ मिलीपासून सुरुवात करा.

पीडीटीची ओळख म्हणजे बेंटन्स ओल्ड फॅशन्ड: ६० मिली बर्बन, ७ मिली मेपल सिरप, अँगोस्तुरा बिटर्स या कडवट अर्काचे दोन शिडकावे, संत्र्याची साल. इथे शाकाहारी वाचकांनी थांबावं. यातलं बर्बन डुकराच्या चरबीत मुरवलेलं असतं. बेकनची पातळ केलेली चरबी बर्बनमध्ये घालून काही तास ठेवतात, मग फ्रीझरमध्ये चरबी गोठली की गाळून काढतात. डोळ्यांना काही दिसत नाही, वास आणि चव मात्र राहते. ही युक्ती डॉन ली यांनी पीडीटीमध्येच रुळवली आणि नंतर जगभर पसरली. तूप किंवा लोण्याने धुतलेली दारूही आता अनेक बारमध्ये मिळते, म्हणून यादीत 'फॅट-वॉश्ड' दिसलं की चरबी कशाची ते विचारा. अंडं न खाणाऱ्यांनी 'सावर' आणि 'फिझ' प्रकारांत अंड्याचा पांढरा भाग आहे का, हेही आधी विचारावं. फेस दिसला की अंडं असण्याची शक्यता मोठी.

कपातली दारू

द बॅक रूममध्ये कॉकटेल चिनी मातीच्या चहाच्या कपात येतं आणि बिअरची बाटली तपकिरी कागदी पिशवीत. धाड पडली तर चहा पितोय असं दाखवायच्या जुन्या शकलेची ही आठवण. पण कप हे कॉकटेलचं चांगलं भांडं नव्हे. थंड न केलेला जाड कप पेयाची थंडी शोषून घेतो, हाताची ऊब लागते आणि रंग दिसत नाही. म्हणून इथे मार्टिनी किंवा मॅनहॅटनसारखं बर्फाविना येणारं कडक पेय मागू नका. दहा मिनिटांत कोमट होईल. बर्फ घातलेलं, लिंबू-पुदिन्याचं काहीतरी मागा. चवीत हा बार चौघांत मागे आहे, हे स्पष्ट सांगायला हवं. पण मोठ्याने हसायचं असेल, सहा जण असाल, एखाद्याला फक्त बिअर हवी असेल, तर बाकी तिघे मिळूनही इतकं सुख देणार नाहीत.

चखणा आणि हिशेब

चखणा फुकट येईल ही अपेक्षा सोडून द्या. पोटभर खायला मिळेल ते पीडीटीतच: शेजारच्या दुकानातून झरोक्यातून हॉटडॉग येतात, काही तर बेकनमध्ये गुंडाळून तळलेले. शाकाहारी पर्याय मागितलात तरी तळणीचं तेल तेच आहे का, हे विचारून घ्या. बाकी ठिकाणी जेवूनच जा. उपाशीपोटी दोन कॉकटेल जड जातात, कारण यातल्या बहुतेक पेयांत ६० मिली दारू असते, म्हणजे आपला सरळ लार्ज पेग. गोडी आणि लिंबामुळे ते जाणवत नाही. दोन पेयांत एक ग्लास पाणी प्या. न मागता देतात.

पैशांचं गणित असं धरा: कॉकटेल साधारण २० डॉलरच्या आसपास. दोघांनी दोन-दोन घेतली तर ८० डॉलर, त्यावर ८.८७५ टक्के विक्रीकर म्हणजे ७.१० डॉलर, आणि २० टक्के टिप १६ डॉलर. एकूण १०३.१० डॉलर. टिप ऐच्छिक दिसली तरी तिथल्या वाढप्याचं पोट तिच्यावर चालतं, ती चुकवू नका. मात्र गट मोठा असेल तर बिलात टिप आधीच लावली आहे का ते वाचा, नाहीतर दुप्पट जाते. भारतीय कार्ड नेणार असाल तर निघायच्या आधीच बँकेच्या ॲपमधून परदेशी व्यवहार चालू करा.

वयाची अट २१. मूळ पासपोर्ट जवळ ठेवा, कारण न्यूयॉर्कच्या कायद्यात मान्य ओळखपत्रांमध्ये कुठल्याही देशाचा पासपोर्ट आहे, पण भारतीय वाहन परवाना नाही. मोबाइलमधला फोटो दाखवून दारातून परत पाठवलेल्यांची संख्या कमी नसते.

परतीचं बघूनच बार निवडावा, विशेषतः नदीपलीकडे न्यू जर्सीत राहणाऱ्यांनी. जर्सी सिटीतल्या मराठी मंडळींना रेन्स लॉ रूम सर्वांत सोयीचा: न्यू जर्सीला जाणाऱ्या 'पाथ' या गाडीचं १४व्या रस्त्याचं स्टेशन चालत पाच-सात मिनिटांवर, आणि पाथ रात्रभर धावते. एडिसनला जायचं असेल तर पेन स्टेशनची शेवटची गाडी बार बंद होण्याच्या कितीतरी आधी सुटते. वेळ संध्याकाळीच बघून ठेवा.

तर मग निवड. नवरा-बायको, वाढदिवस, निवांत गप्पा: रेन्स लॉ रूम, पडद्याची बैठक मागून. कॉकटेल मनापासून आवडतं आणि बारटेंडरशी बोलायचं आहे: अ‍ॅटाबॉय, बारच्या ओट्यावर, आणि शक्यतो आठवड्याच्या मधल्या वारी लवकर. पहिल्यांदाच जाताय, सोबतच्यांना चकित करायचं आहे आणि आरक्षण मिळालं आहे: पीडीटी. कॉलेजचा जुना ग्रुप: द बॅक रूम, दुसरा विचारच नको. आणि ज्याला एकाच ठिकाणी जायचं आहे, पण ठरतच नाही, त्याने अ‍ॅटाबॉय निवडावा. ग्लासातलं पेय तिथे सर्वांत चोख असतं.

एकाहून जास्त ठिकाणं साधायची असतील तर क्रम उलटा करू नका. सातच्या सुमारास रेन्स लॉ रूममध्ये एक पेय, मग १४व्या रस्त्यावरून 'एफ' या भुयारी गाडीने चार स्टेशनं, डिलन्सी स्ट्रीटला उतरून आधी अ‍ॅटाबॉयच्या दारात नंबर द्यायचा, आणि मग दहा मिनिटं चालून द बॅक रूममध्ये थांबायचं. तिथे एकच मागवा, बिल लगेच भागवून टाका. फोन आला की कपात उरलेलं तसंच ठेवून उठा. अ‍ॅटाबॉयमध्ये जागा फार वेळ धरून ठेवत नाहीत.