रबाळ्यातले दोन लेयर ३ स्विच आणि ऑटोस्टेट: आठ महिन्यांचा अनुभव

रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात दोन लेयर ३ स्विच (राउटरचंही काम करणारे नेटवर्क स्विच) बसवून आठ महिने झाले. वेगाबद्दल तक्रार नाही. पंखे आवाज करतात, पण रॅक वेगळ्या खोलीत आहे. लिहायचंय ते ऑटोस्टेटबद्दल, म्हणजे व्हीलॅनचा एकही पोर्ट चालू नसेल तर त्याचा इंटरफेस आपोआप ‘डाऊन’ ठेवणाऱ्या सोयीबद्दल.

पहिल्याच दिवशी कॅमेऱ्यांसाठी व्हीलॅन ३० (स्विचमधलंच एक वेगळं आभासी नेटवर्क) चा इंटरफेस केला, आयपी दिला, तो चालू करायला ‘नो शटडाऊन’ मारलं. तरी ‘शो आयपी इंटरफेस ब्रीफ’मध्ये शेवटच्या रकान्यात ‘डाऊन’. तासभर कॉन्फिगरेशन चाळलं. चूक कुठेच नव्हती. व्हीलॅन डेटाबेसमध्ये असून भागत नाही. त्याचं निदान एक पोर्ट चालू आणि स्पॅनिंग ट्रीत (नेटवर्कमधले फेरे टाळणाऱ्या प्रोटोकॉलमध्ये) फॉरवर्डिंग, म्हणजे डेटा पुढे पाठवणारं, लागतं. आमचे कॅमेरे अजून खोक्यातच होते. पहिला कॅमेरा लावला, तरी ‘अप’ व्हायला अर्धा मिनिट गेला: फॉरवर्डिंगच्या आधीचे टप्पे, १५ सेकंद लिसनिंग, १५ लर्निंग. पोर्टला हे टप्पे वगळू देणारं पोर्टफास्ट दिल्यावर तेही थांबणं संपलं.

खरा धडा पावसाळ्यात मिळाला. कॅमेरे शेडमधल्या स्विचला लावलेत, आणि तिथून दोन्ही कोअरला (म्हणजे त्या दोन लेयर ३ स्विचना) एकेक फायबर येते. पहिल्या कोअरची फायबर पाण्याने गेली. दुसरी शाबूत होती, मग सगळं चालायला हवं ना? पण साधारण निम्मे कॅमेरे दिसेनात. कंट्रोल रूममधून दर दोन मिनिटांनी फोन. पहिल्या कोअरवर व्हीलॅन ३० ‘अप’च! पॅकेट कॅप्चरसाठी लावलेला एक पीसी त्याच व्हीलॅनमध्ये होता. त्या एका हिरव्या दिव्यामुळे इंटरफेस जिवंत राहिला, ओएसपीएफ (बाकीच्या राउटरना रस्ते कळवणारा प्रोटोकॉल) त्या व्हीलॅनचा रस्ता जाहीर करत राहिलं आणि तिकडे वळलेले पॅकेट शेडपर्यंत पोचलेच नाहीत.

पीसीच्या त्या पोर्टवर ‘स्विचपोर्ट ऑटोस्टेट एक्सक्लूड’ दिलं, म्हणजे ऑटोस्टेट तो पोर्ट मोजत नाही. नवी फायबर टाकल्यावर रविवारी ती मुद्दाम उपसून बघितली. इंटरफेस लगेच ‘डाऊन’, राउटिंग टेबलमधून रस्ता गायब, सगळे कॅमेरे दुसऱ्या कोअरवरून. ते बघून फार बरं वाटलं.

काही जण वैतागून ‘नो ऑटोस्टेट’ देऊन, म्हणजे ही सोयच बंद करून, मोकळे होतात. कृपा करून चालत्या नेटवर्कवर तसं करू नका. जिथे पोचताच येत नाही तिथला रस्ताही मग स्विच सांगत बसेल. इंटरफेस पडला तरी स्विचपर्यंत पोचायचं असेल, तर मॅनेजमेंटचा आयपी लूपबॅकवर (कुठल्याही पोर्टवर अवलंबून नसलेल्या आभासी इंटरफेसवर) ठेवा. आमचा गेल्या महिन्यापासून तिथेच आहे.